सुंग की सलॉ: लान्ना गाण्याच्या साथीला काय?

लान्ना म्हणजे उत्तर थायलंड. तिथल्या 'सॉ' गायनात स्त्री-पुरुष गायक सवाल-जवाब करत गातात. साथ मात्र गावागणिक बदलते. चियांग माईकडे पी चुम या बांबूच्या पाव्यांसोबत सुंग हे छेडायचं तंतुवाद्य वाजतं. पाव्यांची पट्टी ठरलेली, म्हणून सुंग त्यांना जुळवायची आणि गायकानेही तिथेच गायचं. नान या प्रांतात पावे नाहीत, तिथे सलॉ या गजाने वाजवायच्या वाद्यासोबत छेडायचं तंतुवाद्य असतं. गळ्याला पट्टी उंच पडली तर खुंट्या पिळा, काम झालं.

सुंगला चार तारा, दोन-दोनच्या जोड्या. जोडीतल्या तारा तंतोतंत एका सुरात हव्यात, नाहीतर प्रत्येक ठोक्याला आवाज थरथरतो. जाड जोडीचा चौथा पडदा दाबून पातळ मोकळ्या जोडीशी जुळवला की षड्ज-पंचम; तिसऱ्याशी जुळवला की षड्ज-मध्यम. पडदे असल्याने सूर चुकत नाही. पण छेडलेला सूर लगेच विरतो, म्हणून लांब सूर शिंगाच्या जव्याने भराभर छेडून भरावा लागतो. मनगट आखडलं की लय धावते.

सलॉ नारळाच्या करवंटीची, तोंडावर पातळ फळी. गज तारांमध्ये अडकवलेला नसतो. तार बदलताना गज तिरका करायचा नाही, वाद्यच खालच्या टेकणाऱ्या खुंटावर फिरवायचं. नवशिके इथेच अडतात आणि दोन्ही तारा एकदम किंचाळतात. राळ कमी असेल तर गज नुसता घसरतो. पडदे नाहीत, म्हणून कान तयार हवा. बदल्यात गळ्यासारखी मींड मिळते.

शिकणाऱ्याने आधी सुंगच घ्यावी. गायकाच्या हरकतींमागून जायचं असेल तर मात्र सलॉला पर्याय नाही.