तीन खाटांच्या खोलीतले तीन दिवस

एमा डॉनोह्यू यांची ‘द पुल ऑफ द स्टार्स’ ही २०२० साली प्रसिद्ध झालेली कादंबरी १९१८ च्या डब्लिनमध्ये घडते. महायुद्ध संपत आलेले, इन्फ्लुएन्झाच्या साथीने शहर जेरीस आलेले आणि रुग्णालयात माणसांची वानवा, अशा वेळी तापाने फणफणलेल्या गर्भवतींच्या तीन खाटांच्या लहानशा खोलीचा भार परिचारिका जुलिया पॉवर हिच्यावर येऊन पडतो. तिच्या मदतीला येतात त्या स्वतःचे नेमके वयही ठाऊक नसलेली ब्रायडी स्वीनी आणि पोलीस मागावर असलेल्या डॉक्टर कॅथलीन लिन.

लिन इतिहासात खरोखर होऊन गेल्या. ब्रिटिश राजवटीविरुद्ध १९१६ साली डब्लिनमध्ये झालेल्या ईस्टर उठावात त्या आयरिश सिटिझन आर्मी या कामगारांच्या सशस्त्र दलाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी होत्या आणि १९१९ मध्ये त्यांनी डब्लिनमध्ये अर्भकांसाठी सेंट अल्टन्स रुग्णालय उभारले. उठाववाल्यांविषयी मनात अढी असलेली जुलिया त्यांच्या हाताखाली काम करता करता बदलत जाते. हा बदल लेखिकेने भाषणबाजीतून नव्हे, तर एकेका अवघड बाळंतपणातून घडवला आहे, आणि मला या कादंबरीचे खरे बळ तेच वाटते.

येथली बहुतेक गुपिते शुश्रूषेच्या ओघात उघडी पडतात. कोवळ्या वयाच्या बाळंतिणीच्या अंगावरचे काळेनिळे डाग तिच्या संसाराविषयी सांगून जातात, तर ब्रायडीचे बोलणे ऐकताना कॅथलिक जोगिणींच्या (नन्सच्या) आश्रयगृहात वाढलेल्या अनाथ मुलींचे हाल हळूहळू ध्यानात येतात. प्राणवायूअभावी पालटत जाणाऱ्या कातडीच्या लाल, तपकिरी, निळ्या आणि काळ्या रंगांची नावे चार भागांना दिली आहेत. दगावलेल्या प्रत्येक रुग्णासाठी जुलिया आपल्या चांदीच्या घड्याळावर एक खूण कोरते; दुःख करायलाही उसंत नसलेल्या बाईचा शोक यापेक्षा नेमका क्वचितच कोणी लिहिला असेल.

संवादांना अवतरणचिन्हे नसल्यामुळे सुरुवातीची काही पाने अडखळत वाचावी लागतात, पण लवकरच त्याची सवय होते. बाळंतपणाची वर्णने मात्र रक्तस्रावासह तपशीलवार असल्याने ज्यांना ती सोसवणार नाहीत त्यांनी आधीच विचार करावा. माझी खरी तक्रार अखेरच्या भागाविषयी आहे: जुलिया आणि ब्रायडी यांच्यातली ओढ इतक्या संयमाने फुलवल्यानंतर लेखिका शेवटाकडे घाईने धावते, आणि जुलियाच्या एका फार मोठ्या निर्णयाला जेवढी पाने हवी होती तेवढी मिळत नाहीत.