१२१ म्हणजे किती? ठाण्याच्या नौपाड्यातल्या रविवारच्या रसायनशास्त्राच्या क्लासबद्दल

गेल्या मे महिन्यात सासूबाईंचं सोडियम १२१ आलं. त्याआधी दोन दिवस त्या मला माझ्या मोठ्या जावेच्या नावाने हाक मारत होत्या आणि शेगडीवर काही नसताना "अगं दूध उतू चाललंय" म्हणत होत्या. आम्हाला वाटलं वय ८१, त्यात उकाडा, झोप नाही. रिपोर्टात १२१ ठळक छापलेलं आणि शेजारी १३५ ते १४५. मी तीस वर्षं हिशेब लिहिते, चार सोसायट्यांचे आणि एका देवस्थान ट्रस्टचे. आकडा समोर आहे आणि तो कशाचा आहे तेच कळत नाही, असं माझं कधी झालं नव्हतं. १२१ काय? ग्रॅम? टक्के?

डॉक्टर म्हणाले, बीपीच्या गोळीने झालंय, सावकाश वर आणायचं. धाकटे दीर म्हणाले, "मीठच कमी पडलंय ना? मग पाजू या मिठाचं पाणी, त्यात एवढं काय!" तीन रात्री आयसीयूच्या बाहेर बसून काढल्या आणि त्यात मला हेच खात होतं की भावजींचं म्हणणं चूक असेल तर का चूक, हे मला सांगता येत नाही.

म्हणून हा क्लास. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि बाई एकट्याच सगळं सांभाळतात. गोखले रोडच्या आतल्या गल्लीत जुन्या इमारतीचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. सहा रविवार, सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, फी २४०० रुपये. विषय: शरीर समजण्यापुरतं रसायनशास्त्र. बाई ज्युनिअर कॉलेजातून निवृत्त झालेल्या. आम्ही अकरा जण होतो. डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला) जाणाऱ्या दोन मुली, लग्नानंतर पुन्हा नर्सिंग धरलेली एक, औषधाच्या दुकानातला एक मुलगा, एक योगशिक्षिका, टीएमटीच्या बससेवेतून निवृत्त झालेले मधुमेहवाले एक काका, आणि बाकी माझ्यासारखे, घरातल्या कुणाच्या तरी रिपोर्टाने घाबरलेले.

पहिला रविवार मला जडच गेला. अणू, रेणू, मूलद्रव्य, संयुग हे सगळं दहावीला एकदा पाठ करून विसरलेलं. माणसाच्या वजनात ऑक्सिजन ६५ टक्के, कार्बन १८, हायड्रोजन १० आणि नायट्रोजन ३, म्हणजे चार खात्यांतच ९६ टक्के माल संपला. सोडियम, पोटॅशियम वगैरे उरलेल्या किरकोळीत. मी वहीत लिहिलं, "किरकोळ खर्च, पण दुकान त्यावर चालतं." रिपोर्टात सोडियमपुढे एनए आणि पोटॅशियमपुढे नुसतं के का असतं, तेही तेव्हाच कळलं. लॅटिनमधली नावं नॅट्रियम आणि कॅलियम. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

पैसे वसूल झाले ते दुसऱ्या रविवारी. विषय होता मोल. हा शब्द ऐकला की मला कॉलेजातल्या मैत्रिणींचे रडवेले चेहरे आठवतात. बाईंनी विचारलं, "तुमच्यात पैसे मोजणारं कोण आहे?" मी हात वर केला. "देवळाची पेटी उघडली की नाणी कशी मोजता?" म्हटलं, वेगळी करतो आणि वजन करतो. एकेक कोण मोजत बसणार? एका नाण्याचं वजन माहीत असलं की थैलीच्या वजनावरून किती नाणी ते निघतं. बाई म्हणाल्या, "झालं की मग. मोल म्हणजे हेच." सोडियमचा अणू हलका, पोटॅशियमचा जड. २३ ग्रॅम सोडियम आणि ३९ ग्रॅम पोटॅशियम घेतलं तर दोन्हींत अणू मात्र तेवढेच, ६०२ वर २१ शून्यं. शरीराला वजनाशी देणंघेणं नाही, त्याला नग मोजायचे असतात. म्हणून रिपोर्टात ग्रॅम नसतात, मिलिमोल (मोलचा हजारावा भाग) असतात. मला पेटीतली पाचची आणि रुपयाची नाणी डोळ्यांसमोर दिसायला लागली.

मग त्यांनी पिशवीतून सलाइनची रिकामी बाटली काढली. लेबलवर ०.९ टक्के. म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. मिठाचा एक मोल म्हणजे सोडियमचे २३ आणि क्लोरिनचे ३५.५ मिळून ५८.५ ग्रॅम. नऊला साडेअठ्ठावन्नने भागा. मी कॅल्क्युलेटर काढायच्या आत बाईंनी फळ्यावर लिहिलं, ०.१५४. म्हणजे लिटरला १५४ मिलिमोल. आणि आमच्या आईंच्या रक्तात होतं १२१. इतके दिवस हवेत लोंबकळणारा तो आकडा धपकन जमिनीवर आला.

पुढे बाई जे म्हणाल्या त्याने भावजींच्या मिठाच्या पाण्याचा निकाल लागला. १२१ हे प्रमाण आहे, साठा नाही. आमटी पाणचट लागली तर दर वेळी मीठच कमी पडलेलं असतं असं नाही, पाणीही जास्त झालेलं असतं. म्हाताऱ्या माणसांत बीपीसाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी सोडियम बाहेर जातं आणि शरीर पाणी मात्र धरून ठेवतं. वरून आम्ही उन्हाळा म्हणून दर तासाला तांब्याभर पाणी पाजत होतो. (हे ऐकताना मी खाली बघत होते.) रक्त पातळ झालं की पाणी जास्त क्षार असलेल्या बाजूला, म्हणजे पेशींच्या आत शिरतं. हात-पाय सुजले तर जागा असते. मेंदू कवटीच्या डब्यात बंद आहे, तो फुगून जाणार कुठे? म्हणून ते दूध उतू जाणं.

आणि सावकाश का, तर काही दिवसांत मेंदूच्या पेशी आपल्या आतले क्षार बाहेर टाकून त्या पातळ रक्ताशी जुळवून घेतात. मग बाहेरचं सोडियम झपकन वाढवलं तर पाणी उलट बाहेर खेचलं जातं आणि त्यात मज्जातंतूंवरच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. दिवसाला आठ-दहाच्या वर चढू द्यायचं नाही. आयसीयूत दर काही तासांनी रक्त का घेत होते आणि मी सिस्टरांवर का उगाच वैतागले होते, त्याचा हिशेब त्या दिवशी लागला.

या पाण्याच्या येण्याजाण्याला पुस्तकात परासरण म्हणतात. गृहपाठ होता बटाट्याचा. दोन वाट्या, एकीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं, दोन्हींत ५०-५० ग्रॅम फोडी, रात्रभर. माझ्याकडे सकाळी साध्या पाण्यातल्या ५३ ग्रॅम आणि कडक, मिठातल्या ४४ ग्रॅम आणि वाकवल्या तर रबरासारख्या. कैरीला मीठ चोळून ठेवलं की पाणी सुटतं हे मी पस्तीस वर्षं बघतेय. वजन काट्यावर कधी केलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी आम्ल, त्याच्या उलट ते आम्लारी, आणि पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकी आम्लता जास्त), ज्याला शाळेच्या पुस्तकात सामू म्हणतात. या दिवशी जरा भांडण झालं. योगशिक्षिकेच्या घरी पाणी अल्कलाइन, म्हणजे आम्लारीधर्मी करायचं मशीन आहे, चांगलं महागातलं. ती म्हणाली, त्या पाण्याने रक्तातली आम्लता जाते. बाईंनी वाद घातला नाही. लाल कोबीचा जांभळा रस दोन ग्लासांत ओतला, एक साध्या पाण्याचा आणि दुसरा चिमूटभर खायचा सोडा घातलेला, तो निळा-हिरवा झाला. मग दोन्हींत लिंबाचे थेंब. साधा ग्लास तिसऱ्या थेंबाला गुलाबी. सोड्याचा ग्लास थेंब गिळतच राहिला, बारीक बुडबुडे सोडत. औषधाच्या दुकानातला मुलगा मोठ्याने मोजत होता. एकविसाव्याला रंग पालटला.

"रक्तात हाच सोडा आहे," बाई म्हणाल्या. बायकार्बोनेट. आम्ल आलं की ते त्याला धरतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो श्वासावाटे बाहेर जातो. उरलेलं मूत्रपिंड बघतं. म्हणून रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो, तुम्ही कुठलंही पाणी प्यालात तरी. शिवाय ते पाणी आधी जठरात उतरणार, तिथला सामू दीड ते साडेतीन. मशीनवाली गप्प झाली. पुढच्या रविवारी आली, पण पिशवीतली बाटली साधी होती. मला त्या दिवशी आवडलं ते वेगळंच. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीने चालते. ७.४ चं ७.१ झालं तर आम्लता ठरवणारे हायड्रोजन आयन (भार असलेले हायड्रोजनचे कण) दुप्पट होतात. माझ्या धंद्यात दशांशाच्या पुढचं लोक पूर्णांक करून टाकतात, इथे त्याच तीन दशांशांवर माणूस आयसीयूत जातो.

काकांचा किस्साही त्याच दिवशीचा. ते तपासणीच्या आधी आठवडाभर भात, साखर सगळं बंद करतात आणि तरी तीन महिन्यांची साखर जास्तच येते, म्हणून लॅबवर चिडलेले. बाईंनी सांगितलं, ग्लुकोज हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतं आणि ते ज्यात असतं ती लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तोवर ते निघत नाही. मी म्हटलं, "काका, पेनने लिहिलेली वही आहे ती, मार्च एंडला खाडाखोड चालत नाही." काका माझ्याशी चहापर्यंत बोलले नाहीत.

ओआरएसचा अर्धा तासही वहीत जपून ठेवलाय. लिटरच्या पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, सायट्रेट २.९, पोटॅशियम क्लोराइड १.५; बेरीज २०.५, मी करून बघितली. मला वाटायचं साखर ताकदीसाठी. तर आतड्याच्या भिंतीत सोडियमला आत घेणारं दार ग्लुकोज सोबत असेल तरच उघडतं, आणि सोडियमच्या मागे पाणी जातं. मिलिमोलमध्ये काढलं तर सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५. जमा-नावे जुळल्यावर जे समाधान होतं तेच झालं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन पुरेना तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं असंच पाणी पिंपांतून पाजायला लावलं आणि पटकीचे (कॉलराचे) रुग्ण वाचवले. बाई हे सांगताना खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या.

आता तक्रारी. पहिली, नोट्सची झेरॉक्स. झेरॉक्सची झेरॉक्स असावी, कारण रेणूसूत्रातले खालचे बारीक आकडे उडालेत. सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड) सगळीकडे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) झालंय. हे चालण्यासारखं नाही. एक आपण श्वासाने सोडतो, दुसरा बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे माणूस मारतो, कारण तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट धरतो. हे सांगितलं बाईंनीच, आणि नोट्स त्यांच्याच. मी पेनने दोन-दोन घालत बसले.

दुसरी, शेवटचे दोन रविवार. पाचव्याला चरबी आणि कर्बोदकं. त्यातही ध्रुवीय-अध्रुवीय (काय पाण्यात विरघळतं, काय तेलात) छान झालं, मामलेदारची मिसळ खाऊन वर पाणी ढोसलं तरी तोंड का थंड होत नाही आणि दुधाने का होतं, ते सगळ्यांना पटलं. पण सहाव्याला प्रथिनं, विकरं (एन्झाइम्स) आणि डीएनए दोन तासांत कोंबलं. अंडं उकडल्यावर परत कच्चं का होत नाही, इथवर मजेत आलो आणि मग घोडदौड. नर्सिंगवाल्या मुलीला नेमकं तेच हवं होतं. आठ रविवार करा, फी वाढवा, पण हे असं नको. लॅब दाखवायला नेणार होत्या, तेही राहिलं.

तिसरी माझी खासगी. फी रोख घेतली आणि पावती तीनदा मागितल्यावर मिळाली, तीही तारखेविना.

गुडघे दुखत असतील तर तीन जिने विचार करून चढा. गाडी आणू नका, रविवारीही तिथे जागा मिळत नाही. स्टेशनकडून चालत पंधरा मिनिटं. साधा कॅल्क्युलेटर न्या आणि खिडकीजवळ बसा, पंखा फक्त तिथेच लागतो. बीएस्सी वगैरे झालेल्यांनी जाऊ नये, कंटाळाल. माझ्याकडून पाचपैकी पावणेचार, आणि तो पाव गुण झेरॉक्सने खाल्लाय.

सप्टेंबरात आईंचं रक्त पुन्हा तपासलं. गोळी बदललेली, पाणी मोजून. सोडियम १३६. या वेळी मी रिपोर्ट रिक्षातच वाचला. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "काय शिकलीस ते मला समजेल असं सांग." मी बटाट्याचं, कैरीचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या डोक्याची लोणच्याची फोड झाली होती?"

"उलटं, आई. भिजवलेला बेदाणा."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग आज शिऱ्यात नको घालूस."