आधी हँडहेल्ड रेडिओ की व्होल्टमीटर?

जुनी, १४ व्होल्टची सेसना १७२ (एका इंजिनाचं, चार जणांचं छोटं विमान) उडवणाऱ्या कोणालाही हा प्रश्न कधीतरी पडतोच. हवेत आल्टरनेटर, म्हणजे विमानाची वीज बनवणारं यंत्र, गेला तर हाताशी काय असावं? बॅटरीवर चालणारा हँडहेल्ड रेडिओ, की सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर? मी पुण्यात राहतो, उडतो बारामतीहून आणि दोन्ही वापरलेत. बॅटरीशिवाय ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोमुळे इंजिन चालूच राहतं, ते इथे उगाळत बसत नाही. स्टँडबाय आल्टरनेटर वगैरे ढगातून उडणाऱ्यांनी बघावं. त्याचा खर्च आणि मंजुरीची कागदपत्रं बघता आपल्या हौसेला तो झेपत नाही.

हँडहेल्डची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करतो. जळका वास आला तर प्रयोग करत बसायचं नसतं. मास्टर स्विच, म्हणजे विमानाची सगळी वीज, बंद! त्या क्षणी व्होल्टमीटरही मुका होतो आणि उरतो तो हातातला रेडिओच. तुम्ही लोहगावला ये-जा करत असाल तर हे आणखी महत्त्वाचं. तो हवाई दलाचा तळ आहे. सुखोईंच्या रांगेत रेडिओशिवाय, टॉवरच्या हिरव्या दिव्याकडे डोळे लावून शिरायची वेळ माझ्यावर आलेली नाही, यावी असंही वाटत नाही. रात्री उडत असाल तरी माझं मत हेच.

पण खरा वैताग अडॅप्टरचा. १७२ च्या केबिनमध्ये हँडहेल्डचा स्वतःचा स्पीकर ऐकूच येत नाही, त्यामुळे हेडसेट जोडावाच लागतो. त्यासाठी एक छोटी वायर: एका टोकाला हेडसेटच्या दोन पिना, दुसऱ्या टोकाला रेडिओ, मधून लोंबकळणारं पीटीटीचं, म्हणजे बोलताना दाबायचं, बटण. ती नेमकी मागच्या सीटवरच्या बॅगेच्या तळाशी, चार्जरच्या वायरीत गुंतलेली सापडते. मग पॅनेलमधून हेडसेटच्या पिना काढा, अडॅप्टरमध्ये घाला, रेडिओ मांडीत धरा, फ्रिक्वेन्सी लावा, आणि हे सगळं एका हाताने, कारण दुसरा योकवर, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगवर. जमिनीवर सराव केला तेव्हाही मला ते कधी सफाईने जमलं नाही. शिवाय केबिनच्या आत रबरी अँटेनाचा पल्ला कमीच. मे महिन्यात हँगरबाहेर तापलेल्या विमानात तो ठेवला, तर ऐन वेळी चार्ज किती उरला असेल हे देव जाणे. डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे सरकारच्या बिनतारी खात्याच्या, परवान्याचं वेगळंच.

व्होल्टमीटर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतो. गाडीचाच. तो चांगला का, हे कळायला सेसनाचा मूळ अँमीटर (विजेचा प्रवाह दाखवणारा काटा) बघा: एवढीशी तबकडी, मध्ये शून्य, आणि काटा जरा डावीकडे, म्हणजे बॅटरी रिकामी होण्याकडे, कलला तर ते बघायला मुद्दाम मान वळवावी लागते. त्यात पायपर चेरोकी हे दुसरं छोटं विमान उडवलेल्याची आणखी पंचाईत. तिथला अँमीटर आल्टरनेटरवरचा भार दाखवतो, म्हणजे शून्य आलं की आल्टरनेटर मेला. सेसनात काटा शून्याजवळ असला तर सगळं छान. दोन्ही विमानं आलटून पालटून उडवणाऱ्याने काट्यावर किती विश्वास ठेवावा? आकडा मात्र दोन्हीकडे एकच बोलतो. १३.८ ते १४.२ म्हणजे ठीक. १२.८ च्या खाली गेला आणि वर येईना, तर तुम्ही बॅटरीवर आहात.

सोलापूरकडून येताना, उजव्या पंखाखाली उजनीचं पाणी असताना, माझा आकडा १३.९ वरून १२.५ वर आला. रेडिओ झकास चालू होता, आवाजात काही फरक नव्हता. मीटर नसता तर मला कळलं असतं ते पीटीटी दाबल्यावर, कारण बॅटरी उतरली की आधी बोलणं बंद पडतं, ऐकू येणं नंतर. आल्टरनेटरचा सर्किट ब्रेकर उडाला नव्हता, जागेवर होता. आल्टरनेटरचा स्विच एकदा बंद-चालू करून पाहिला, फरक नाही, तेव्हा बंदच ठेवला. मग लँडिंग लाइट आणि पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) बंद आहेत ना ते बघितलं, कारण खादाड तेच, एकेक सात-आठ अँपिअर खाणारे. दुसरा रेडिओ बंद केला आणि पहिल्यावर बारामतीला सांगून टाकलं. २५ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर वीस अँपिअरच्या भारालाही तासभर पुरते. जुन्या बॅटरीचं मी निम्मंच धरतो. भार उतरवल्यावर घाई राहिली नाही. फ्लॅप्स (उतरताना पंखामागे खाली करायच्या झडपा) वापरले नाहीत, कारण विजेवरचे फ्लॅप्स खाली आले आणि गो-अराउंडला, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढताना, ते वर घ्यायला वीज उरली नाही, तर ते दुखणं आल्टरनेटरपेक्षा मोठं. बारामतीची धावपट्टी १७२ ला फ्लॅपशिवायही पुरून उरते. उतरल्यावर बघितलं तर आल्टरनेटरची फील्ड वायर लगपाशी, म्हणजे टोकाच्या जोडापाशी, तुटली होती. हँडहेल्ड बॅगेतच राहिला.

माझ्या मते म्हणूनच दिवसा, ओळखीच्या मुलखात उडणाऱ्याने आधी व्होल्टमीटर घ्यावा. हँडहेल्ड सगळं गेल्यावर उपयोगी, मीटर ते जाण्याआधी. तुमचं उड्डाण वेगळ्या प्रकारचं असेल तर हिशेबही वेगळा निघेल.

मीटर घेताना दोन गोष्टी बघा. सॉकेटला स्वतःचा फ्यूज आहे का, हे एएमईला, म्हणजे विमानाच्या देखभाल इंजिनिअरला, विचारा. आणि १९७८ पासूनच्या १७२ मध्ये २८ व्होल्ट असतात, तेव्हा मीटर ३० च्या वर मोजणारा हवा. सॉकेटवरचा आकडा मूळ व्होल्टेजपेक्षा थोडा कमी दिसतो, म्हणून निरोगी विमानात आपला आकडा किती ते एकदा लिहून ठेवा. हँडहेल्डच घ्यायचं ठरलं, तर चार्जिंगच्या बॅटरीऐवजी साधे पेन्सिल सेल चालणारा डबा मिळतो का विचारा, आणि अडॅप्टर रेडिओलाच जोडून ठेवा, कायमचा.