म्हाडाचं 'सरेंडर झालेलं घर' मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

हे माझ्या ताई-भाऊजींच्या बाबतीत झालंय, त्यांना विचारूनच लिहितोय, कारण म्हाडाच्या घरांच्या पुढच्या सोडतीची जाहिरात आली की हीच माणसं परत फिरायला लागणार.

२०२३ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत घरं होती ४०८२ आणि अर्ज एक लाखाच्या वर. भाऊजींनी गोरेगाव पहाडीच्या अत्यल्प उत्पन्न गटात भरला होता, किंमत ३० लाखांच्या आसपास, मुंबईत एवढ्यात खोली तरी येते का सांगा. दोघं पोरांना घेऊन भांडुपला भाड्याने राहतात, अ‍ॅग्रीमेंट संपलं की परत डिपॉझिट, परत ब्रोकर, परत सामान उचला. १४ ऑगस्टला सोडत झाली, नाव लागलं नाही. २५ हजार अनामत खात्यात परत आली आणि थोड्याच दिवसांत एकाचा फोन आला.

त्याला अर्ज क्रमांक माहीत होता, कुठल्या योजनेत भरलाय तेही माहीत होतं, त्यामुळे ताईला वाटलं माणूस ऑफिसातलाच. (ज्या दुकानातून फॉर्म भरून घेतला तिथूनच माहिती गेली असा आमचा दाट संशय आहे.) म्हणाला, बऱ्याच विजेत्यांचं लोन पास झालेलं नाही, त्यांनी घरं सरेंडर केलीत म्हणजे म्हाडाला परत दिलीत, ती आतल्या आत दिली जातात, साहेबांचे साडेचार लाख वर द्या आणि घराची किंमत मात्र थेट म्हाडालाच भरा. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, मोठी रक्कम सरकारी खात्यातच जाणार म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि वरचे पैसे काढून देतो.

मग त्याने दोघांना वांद्र्याला गृहनिर्माण भवनात बोलावलं, गेटजवळ थांबवलं, स्वतः आत गेला आणि अर्ध्या तासाने फाइल घेऊन बाहेर आला. अहो, कामासाठी कोणीही आत जाऊ शकतं, पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते कसं कळणार? नंतर हातात देकार पत्र (घर दिल्याचं ऑफर लेटर) दिलं, लोगो, शिक्का, सही, मजला, घराचा नंबर सगळं त्यात. ताईने सोनं गहाण टाकलं, दोन लाख बँकेतून त्याने सांगितलेल्या कुणाच्या तरी पर्सनल खात्यात गेले आणि अडीच लाख रोख. त्यानंतर आज साहेब रजेवर, उद्या साहेबांची बदली, मग निवडणुकीची आचारसंहिता आणि शेवटी फोनच बंद. ते पत्र घेऊन मी स्वतः चौकशीला गेलो तेव्हा कळलं की त्या नंबरचं पत्र निघालेलंच नाही.

आता खरं कसं चालतं ते सांगतो. सोडत कॉम्प्युटरवर निघते आणि २०२३ पासून कागदपत्रं सोडतीच्या आधीच ऑनलाइन तपासली जातात, त्यामुळे मागाहून कुणाचं नाव घुसवून देतो म्हणणारा खोटंच बोलतोय. विजेत्याचं पत्र त्याच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये येतं. परत आलेलं घर प्रतीक्षा यादी असेल तर त्या यादीप्रमाणे जातं नाहीतर पुढे परत जाहिरातीत येतं, विरार-बोळींजसारखी 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' वाली घरंसुद्धा उघड जाहिरात देऊनच विकलीत. आम्ही एजंट नेमलेले नाहीत असं म्हाडा जाहिरातीतच छापते, फक्त ती ओळ बारीक अक्षरात असते आणि माझ्या मते ती सगळ्यात वर मोठ्या टायपात पाहिजे.

पोलिसांत तक्रार दिलीय. बँकेतून गेलेल्या पैशांचा माग लागतोय पण रोख रकमेचा काहीच पुरावा नाही, त्यात त्याने व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज डिलीट केलेत. नातेवाईक ताईलाच बोलतात की दिलेच कशाला, त्याचा मला फार राग येतो, वर्षानुवर्षं भाडं भरून थकलेल्या माणसांना हेरूनच हे लोक फोन करतात.

कुणी असे पैसे दिले असतील तर चॅटचे स्क्रीनशॉट आणि कॉल रेकॉर्डिंग आजच दुसऱ्या फोनवर काढून ठेवा, पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि तो 'पैसे परत करतो, फक्त कॅन्सलेशन चार्ज भरा' म्हणाला तर एक रुपयाही देऊ नका, आमच्याकडे त्याने तेही मागून बघितलं होतं.