साइटवरचा तापट इंजिनीयर: एकांतात बोलावं, की आदल्या संध्याकाळचा कागद सुरू करावा?

माणूस कामाला पक्का, पण तोंडाला आग. कोकणात खाडीवरच्या पुलाच्या नाहीतर जेट्टीच्या कामावर असा एखादा असतोच. एप्रिल-मेमध्ये त्याचा पारा जास्त चढतो, कारण जूनमध्ये पाऊस लागायच्या आत पाण्यातलं काम वर आणायचं असतं. त्या दिवसांत त्याला बदलणं परवडत नाही. नव्या माणसाला खाडी कळेपर्यंत ढग जमलेले असतात. मेमो दिला तर तो फाईलला लागतो आणि माणूस जास्तच घुम्या होतो. मग साइटच्या प्रमुखापुढे दोनच रस्ते उरतात.

पहिला, एकांतात बोलणं. हे त्याच दिवशी व्हायला हवं, पण त्याच तासात नको. संध्याकाळची काँक्रीटची शेवटची गाडी रिकामी झाली, माणसं हातपाय धुवायला गेली की दहा मिनिटं पुरतात. केबिनमध्ये बोलावू नका, बाहेरच्यांना झडती चालली आहे असं वाटतं. स्टीलच्या यार्डाकडे चालत चालत बोलावं. स्वभावावर न जाता एकाच प्रसंगावर बोलावं: "साहेब, मघाशी मिक्सरपाशी तुम्ही त्या पोराला चार माणसांत झापलंत. चूक त्याचीच होती. पण पुढची चूक तो आता तुम्हाला सांगायचा नाही." एवढं सांगून गप्प बसावं. बहुतेक तापट माणसांना आतून वाईट वाटलेलंच असतं, ती कबूल होतात. आठ-दहा दिवस बरे जातात. मग पुन्हा भडका उडतो, आणि दुसऱ्यांदा बोलायला गेलं की शब्दाचं वजन निम्मं झालेलं असतं.

तरी तेही चालवून घेता येईल. मला खटकतं ते वेगळंच. बोलणं एकांतात झालेलं असतं, त्यामुळे ज्याने शिव्या खाल्ल्या त्या पोराला ते ठाऊकच नसतं. साहेब सुधारले तरी पोर घाबरलेलंच राहतं. सकाळी सहाला त्याला दिसतं की खालच्या सळ्यांचे कव्हर ब्लॉक (सळी साच्यापासून दूर ठेवणारे छोटे ठोकळे) सरकलेत, दोन फुटलेत, सळी शटरिंगला, म्हणजे साच्याला, टेकलीय. तोवर काँक्रीटच्या प्लांटवरून सहा घनमीटरची गाडी निघालेली असते आणि दोन तासांत ती रिकामी करायची असते. आत्ता सांगितलं तर साहेब फाडून खातील, म्हणून ते बोलत नाही. वर काँक्रीट पडतं आणि सगळं झाकलं जातं. किनाऱ्याच्या कामाला कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, 45 मिलिमीटर, आणि जिथे लाटांचे शिंतोडे उडतात तिथे 50 लागतं, ते उगाच नाही. खाऱ्या हवेत उघडी पडलेली सळी गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे पाडते. सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ताकद तपासायचे क्यूब (काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे) तोवर पास झालेले असतात, कारण क्यूबमध्ये सळी नसते. आरडाओरड्यापेक्षा हे गप्प बसणं कितीतरी महाग पडतं.

दुसरा रस्ता कागदाचा. काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी ज्युनियर इंजिनीयर आणि सळ्या बांधणाऱ्या फिटरांचा मुकादम मिळून अर्धा कागद भरतात: कव्हर ब्लॉक, प्रॉप (साच्याचे टेकू) आणि पाचरी, काँक्रीट घट्ट बसवणारे व्हायब्रेटर दोन (एक चालू, एक जादा), डिझेल, भरतीची वेळ. ही वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची आज उतरवून चालत नाही. शेवटची ओळ "काय अडलंय?" ही रिकामी ठेवायची नाही, असा नियम. मग सळ्यांपाशीच उभं राहून तो कागद तापट साहेबांनीच मोठ्याने वाचायचा आणि सही करायची. सही झाल्याशिवाय प्लांटला फोन जात नाही.

यात दोन गोष्टी साधतात. वाईट बातमी त्यांच्याच तोंडून येते, त्यामुळे समोर झापायला कोणी उभं नसतं. आणि ती येते तेव्हा गाडी दारात नसते, दुरुस्तीला अख्खी संध्याकाळ हातात असते. अशा माणसांचा राग बहुतेक घड्याळाचा असतो. घड्याळ मागे सरकलं की तो बराच उतरतो.

कागदालाही खोट आहे. भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी आणलात तर "माझ्यावर पहारा बसवला" असं त्यांना वाटेल, आणि ते चूक नसेल. नवीन पाइल कॅप (पायाच्या खांबांवरचा काँक्रीटचा ठोकळा) नाहीतर पुलाचा नवीन स्पॅन, म्हणजे गाळा, सुरू होताना, सगळ्यांसाठी म्हणून आणा. सुरुवातीला शेवटच्या ओळीत "सर्व ठीक" असंच येत राहतं. तेव्हा प्रमुखाने आपलीच एक चूक तिथे लिहावी, म्हणजे पोरांचा हात सुटतो.

चार-पाच जणांचीच टोळी असेल आणि सगळे जुने असतील, तर एकांतातलं बोलणं पुरेल कदाचित. हाताखाली नवी पोरं असतील तर माझा कल कागदाकडे, बोलणं त्याच्या जोडीला. मात्र माणूस अंगावर धावून गेला, जातीवरून किंवा बाईमाणसाला अद्वातद्वा बोलला, तर हे दोन्ही रस्ते बंद. तक्रार त्याच दिवशी ऑफिसला लेखी गेली पाहिजे.

गणपतीनंतर काम पुन्हा उभं राहतं तेव्हा कितीतरी चेहरे नवे असतात. कागदाचं पॅड पहिल्याच दिवशी शेडमध्ये खिळ्याला अडकवून ठेवा.