टेस्टोस्टेरॉन: सुई की अंगाला लावायचं जेल?

नाशिकच्या औषधबाजारात, गोळे कॉलनीत, टेस्टोस्टेरॉनचा (पुरुषी हार्मोनचा) भाव विचारायला गेलात तर एका डबीचा नको, वर्षाचा हिशेब मांडा. टेस्टोस्टेरॉनची 250 मिलिग्रॅमची सुई दर 3 आठवड्यांनी घेतली तर वर्षाला 17-18 सुया. औषध त्यामानाने स्वस्त, पण टोचून घ्यायचे पैसे दर वेळी वेगळे. जेल रोज लावायचं, म्हणजे 365 दिवस खर्च. खिशाला तेच जड. शिवाय लावल्यावर हात धुवा, खांदा झाका, लेकराला लगेच कडेवर घेऊ नका, औषध त्याच्या अंगाला लागतं! सुईला ही कटकट नाही. फक्त पुढची तारीख जवळ आली की मरगळ येऊ शकते. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) आणि पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्तचाचणी) या तपासण्या दोन्हीकडे आहेतच. माझं मत सुईला. मूल हवं असेल तर मात्र दोन्ही नकोत, शुक्राणू घटतात.