प्रोफेसर मेसरचा ए प्लस कोर्स: फुकट आहे, पण नीट बसून करायचा

साताऱ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी अकरा वर्षं लॅब असिस्टंट आहे. चाळीस मशीन, दोन प्रिंटर आणि दिवसभर "मॅडम, पीसी चालू होईना" ही हाक. काम हाताला येत होतं, पण दाखवायला कागद नव्हता. म्हणून दिवाळीनंतर कॉम्पटिआ या संस्थेची ए प्लस ही परीक्षा द्यायचं ठरवलं. पीसी-प्रिंटरची देखभाल-दुरुस्ती येते याचं प्रमाणपत्र तिने मिळतं, आणि तिचे दोन पेपर असतात.

आधी एका क्लासला अठरा हजार भरले. तिसऱ्या आठवड्यात सरांनी व्हॉट्सॲपवर प्रश्नांची पीडीएफ टाकली, "हे पाठ करा, यातलंच येतं" म्हणून. उघडली तर ती २२०-११०१ ची, म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झालेल्या परीक्षेची. आता पेपर आहेत २२०-१२०१ आणि २२०-१२०२. शिवाय असे बाहेर फुटलेले प्रश्न वापरणं कॉम्पटिआच्या नियमांत बसत नाही, निकाल रद्द होऊ शकतो. सोबत नुकती बारावी झालेली मुलं होती, घरून पैसे आणून बसलेली. त्यांना हे कुणीच सांगितलं नव्हतं, याचा मला फार राग आला. मी क्लास सोडला.

मग जेम्स मेसर यांचे व्हिडिओ सापडले. हे अमेरिकेतले शिक्षक, सगळे त्यांना प्रोफेसर मेसर म्हणतात. दोन्ही पेपरांचा पूर्ण कोर्स यूट्यूबवर आणि त्यांच्या साइटवर फुकट आहे, नाव-नंबर काही द्यावं लागत नाही. कॉम्पटिआचा अभ्यासक्रम ज्या क्रमाने छापलेला आहे त्याच क्रमाने व्हिडिओ आहेत. मी अभ्यासक्रमाची प्रिंट काढली आणि रोज रात्री भांडी आवरल्यावर दोन-तीन मुद्दे बघून पेन्सिलने खूण करत गेले. पाल्हाळ नाही, मध्येच स्वतःचं कौतुक नाही, माणूस थेट विषयावर येतो.

हा कोर्स किती कामाचा, ते मला आमच्या लेझर प्रिंटरने पटवलं. छापलेल्या हॉल तिकिटावर बोट फिरवलं की नाव पुसलं जायचं. मी दोनदा टोनर बदलून पाहिला, फरक शून्य. मेसर यांनी लेझर छपाईच्या सात पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रोसेसिंग, चार्जिंग, एक्सपोझिंग, डेव्हलपिंग, ट्रान्सफरिंग, फ्युझिंग, क्लीनिंग. सहाव्या पायरीवर मी व्हिडिओ थांबवला. टोनर म्हणजे बारीक पूड. कागदावर ती आधी नुसती बसलेली असते, फ्युझर तिला उष्णतेने आणि दाबाने चिकटवतो. आमच्या कागदावर अक्षरं रेखीव, जागच्या जागी पडत होती. म्हणजे ड्रम (ज्यावर छपाईचं चित्र आधी उमटतं तो रूळ) ठीक, टोनर ठीक, फक्त पूड भाजली जात नव्हती. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडून फ्युझर उघडून घेतला, तर आतली फिल्म एका कडेने फाटलेली. अकरा वर्षांत मी टोनर कितीदा बदलला असेल, पण कागद आत कुठून कसा जातो हे मला तोवर कुणी क्रमाने सांगितलं नव्हतं.

दुरुस्तीच्या सहा पायऱ्यांचंही तसंच. अडचण नीट ओळखा, कारणाचा अंदाज बांधा, तो तपासा, मग काय करायचं ते ठरवून करा, सगळं चालतंय का बघा, आणि शेवटी लिहून ठेवा. आपल्याकडे मशीन बीप द्यायला लागलं की पहिल्यांदा रॅम काढून खोडरबराने घासायची. ते चुकीचं नाही, माझी कितीतरी मशीन त्याने उठली आहेत. पण पेपरात "आधी काय कराल" विचारतात तेव्हा उत्तर बहुतेकदा "वापरणाऱ्याला विचारा, काल काय बदललं" हे असतं.

उणिवा आहेत. सगळं इंग्रजीत, आणि बोलणं भरभर. पहिला महिनाभर मी वेग कमी करून, खाली अक्षरं लावून पाहिलं. उदाहरणं अमेरिकेची, तिथे भिंतीतून १२० व्होल्ट येतात. पीसीच्या जुन्या पॉवर सप्लायच्या मागे व्होल्ट निवडायचं लाल बटण असतं, ते ११५ वर ठेवून आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात लावलं तर सप्लाय जळतो. हे आपल्या मुलांना वेगळं, ठासून सांगायला हवं.

मोठी उणीव प्रात्यक्षिक प्रश्नांची. पेपरात काही प्रश्न ओढून जुळवायचे, सेटिंग करून दाखवायचे असतात. नुसते व्हिडिओ बघून त्याचा सराव होत नाही. मी लॅबमध्ये जुनी नेटवर्क केबल तोडून कनेक्टर क्रिंप करत, म्हणजे तारांवर दाबून बसवत बसले. तारांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. चौथ्या वेळी टेस्टरवर आठही दिवे लागले. ज्याच्याकडे लॅब नाही त्याने एखाद्या दुकानात महिनाभर बिनपगारी का होईना बसावं. मेसर यांच्या विकत मिळणाऱ्या सराव परीक्षा मी घेतल्या, त्या पैशाला जागल्या. प्रत्येक चुकीच्या पर्यायाचं कारण लिहिलेलं असतं. त्यांच्या विकतच्या नोट्स नाही घेतल्या, स्वतःची वही पुरली.

दुसऱ्या पेपराला ऑपरेटिंग सिस्टिम (विंडोज वगैरे) आणि सुरक्षा हे दोन भाग मिळून निम्म्याहून जास्त आहेत, तिथे कमांड स्वतः टाइप करून बघा, एवढंच सांगते.

परीक्षा घरूनही देता येते, पण आमच्याकडे विजेचा भरवसा नाही, म्हणून दोन्ही वेळा पहाटेची एसटी धरून पुण्याच्या केंद्रावर गेले. दोन्ही पेपरांची फी वेगळी भरावी लागते, हे आधीच धरून चला. ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न. प्रात्यक्षिक प्रश्न सुरुवातीलाच आले, ते खूण करून मागे ठेवले आणि शेवटची पंचवीस मिनिटं त्यांना दिली. पहिल्याला ९०० पैकी ६७५ लागतात, मला ७४२ पडले. दुसऱ्याला ७०० लागतात, ७१८ पडले. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.

दुरुस्तीच्या त्या सहाव्या, लिहून ठेवायच्या पायरीसाठी लॅबमध्ये आता एक रजिस्टर ठेवलंय. पहिली नोंद प्रिंटरची आहे: "छपाई पुसते. टोनर नव्हे, फ्युझर."